भाकरीतला शेवगा

रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हंसाबेन यांच्या जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं आहे. त्यावर अठ्ठावीस खणांचा प्लास्टिकचा डबा उघडा आहे. आठवड्याचे सात दिवस, दिवसाला चार खण. तुळसाबाई उभ्यानेच तो भरताहेत. बसलं की हात सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं. एका वेळी हातात एकच पाकीट. रक्तदाबाची पिवळी गोळी सातही दिवसांच्या खणात पडली की ते पाकीट मिटून डाव्या बाजूला जातं, मगच पुढचं उघडतं.

शेजारी शंभर पानी वही आहे. त्यात प्रत्येक घराचं एक पान आणि पानावर रिकाम्या पाकिटांचे कापून चिकटवलेले तुकडे, औषधाचं नाव असलेले. तुळसाबाई चौथी शिकल्यात. मराठी वाचतात, इंग्रजी वाचता येत नाही. नवीन पाकिटावरचं नाव आणि वहीतलं नाव त्या बोट ठेवून अक्षराला अक्षर जुळवतात. एखादं अक्षर जरी वेगळं दिसलं तरी गोळी डब्यात जात नाही, दुकानदाराला फोन जातो.

डबा भरून झाला की प्रश्न सुरू होतात.

"बोलो, इस हफ्ते क्या खाया?"

"चालू झाली इन्क्वायरी," हंसाबेन म्हणतात. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, मुलगा टोरांटोला असतो. "तुलसाबेन, तुम पुलिस में क्यों नहीं गई?"

"पुलिस में चौथी पास नहीं लेते. चूर्ण लिया?"

"नहीं."

"काढा? ज्यूस?"

"नहीं रे."

"आटे में कुछ डाला? मेथी, पालक, कोई सूखा पत्ता?"

"मेथी ना थेपला. गुरुवारे. दो."

"हर हफ्ते दो ही खाती हो ना? ज्यादा नहीं?"

"दो ही, मेरी माँ. गिन के खाती हूँ तेरे डर से."

तुळसाबाई वहीत लिहितात: मेथी, गुरुवार, नेहमीएवढी.

टेबलाच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळलेली एक बाटली आहे. मुलाने हृदयासाठी म्हणून कॅनडाहून पाठवलेल्या कॅप्सूल. हंसाबेन त्या चार महिने श्रद्धेने घेत होत्या. तुळसाबाईंनी बाटलीचा फोटो काढून सुनेला दाखवला तेव्हा त्यात माशाचं तेल असल्याचं कळलं. जन्मभर कांदा-लसूणही वर्ज्य असलेल्या बाईने त्या दिवशी तीनदा चूळ भरली. मुलाला अजून सांगितलेलं नाही. "बेचारा इतने प्यार से भेजता है," एवढंच त्या म्हणतात.

हंसाबेन थट्टा करतात, पण उत्तरं खरी देतात. हे प्रश्न गेल्या डिसेंबरनंतरचे आहेत आणि ते का आले, हे त्यांना माहीत आहे. तीन डिसेंबरला तुळसाबाईंच्या नवऱ्याला, तात्यारावांना, पक्षाघात झाला. त्याचं कारण तुळसाबाईंनी स्वतःच्या हाताने थापलेल्या भाकरीत होतं. ज्या सहा घरांचे डबे त्या भरत, त्या सहाही घरांना ही गोष्ट त्यांनी स्वतः जाऊन महिन्याभरात सांगितली. तात्यारावांना सांगायला पाच महिने लागले.

तुळसाबाई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. माहेर-सासर दोन्ही परभणी जिल्ह्यात, सेलूच्या आसपास. १९८३ साली लग्नानंतर दोन महिन्यांनी त्या भाईंदरला आल्या. तात्याराव पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. पश्चिमेला मोरव्यात त्यांनी खोली घेतली आणि तिथेच राहिले. मुलगा धम्मपाल तिथेच वाढला. आता तो कुरिअर कंपनीत आहे. सून तेजश्री भाईंदर पश्चिमेला कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असते.

तुळसाबाईंनी एकवीस वर्षं एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून काम केलं. गोळी सिस्टर द्यायच्या, पाणी तुळसाबाई द्यायच्या. गोळी गालात धरून कोण ठेवतं, कोण उशीखाली सरकवतं, कोणाला सकाळ-संध्याकाळचा फरक कळत नाही, हे त्यांनी पाण्याचा पेला धरून पाहिलं. नर्सिंग होम बंद पडलं तेव्हा तिथल्याच एका म्हाताऱ्या पेशंटच्या मुलीने विचारलं, आठवड्यातून एकदा येऊन आईच्या गोळ्या लावून द्याल का? त्या घरातून दुसरं घर मिळालं. मुलंसुना कामाला किंवा परदेशात, घरात म्हातारं माणूस आणि बुटाच्या खोक्यात औषधं, अशी सहा घरं झाली.

या कामात त्यांचा एक नियम होता. डॉक्टरच्या कागदावर नाही, ते डब्यात नाही. लोकांच्या घरात ताकदीच्या गोळ्या असत, गुडघ्याच्या, हाडांच्या, डोळ्यांच्या, हृदयाच्या. कोणाला जावयाने दिलेल्या, कोणी मोबाइलवर पाहून मागवलेल्या. तुळसाबाई त्या हातात घेऊन परत ठेवत. "डॉक्टरला विचारा, कागदावर लिहून आणा, मग टाकते." काहींना राग यायचा. एका निवृत्त मास्तरांनी त्यांना सुनावलं होतं, की बाई, तुम्ही आया आहात, डॉक्टर नाही. "म्हणून तर कागद मागते," त्या म्हणाल्या होत्या.

स्वतःच्या घराचं पान मात्र त्या वहीत नव्हतं. तात्यारावांच्या गोळ्या त्यांच्या डोक्यात होत्या.

तात्यारावांना लहानपणी सांधेज्वर झाला होता. त्यात हृदयाची एक झडप खराब झाली आणि ते कळायला चाळीस वर्षं गेली. २०१२ मध्ये मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात ती काढून धातूची झडप बसवली. अशा झडपेवर रक्त जमू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. तात्यारावांची गोळी संध्याकाळी सात वाजता असे. महिन्यातून एकदा रक्त तपासायचं. आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. घरी सोडताना सिस्टरने पालेभाजी बेताने खायला सांगितली होती. तेव्हापासून त्यांच्याकडे पालेभाजी आठवड्यातून दोनदा, एक एक वाटी.

झडपेचा आवाज यायचा. टक, टक, असा कोरडा. दुपारी गल्ली शांत असली की शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू येई. धम्मपाल मित्रांना म्हणायचा, पप्पांनी घड्याळ गिळलंय. तुळसाबाई दुपारी तांदूळ निवडत बसायच्या, तात्याराव कडेला झोपलेले असायचे, आणि त्या आवाजाची त्यांना इतकी सवय झाली होती, की ते घरात नसले की खोली रिकामी वाटायची.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तात्याराव सकाळच्या फिरण्यावरून एक रिकामी बरणी घेऊन आले. त्यांच्यासोबत रोज फिरायला येणारे, मूळचे रत्नागिरीचे महिपतराव त्यातल्या हिरव्या गोळ्या खात होते. बागेतल्या बाकावर झालेलं बोलणं तात्यारावांनी घरी जसंच्या तसं सांगितलं होतं.

"तात्या, घ्या. हार्टला एक नंबर. माझं कोलेस्टेरॉल बघा, सपाट."

"माझं हार्ट अर्धं लोखंडाचं आहे, महिपतराव. त्याला ग्रीस लागतं."

"हेच ग्रीस. नातवाने ऑनलाइन मागवलं. आठशेची बरणी."

तुळसाबाईंनी बरणी उलटसुलट पाहिली. "कागदावर आहे?"

"नाही."

"मग नाही."

तेवढ्यात तेजश्रीने बरणी घेऊन बारीक अक्षरं वाचली आणि तिला हसू फुटलं. "आई, मोरिंगा म्हणजे शेवगा. शेवग्याचा पाला वाळवून गोळ्या केल्यात."

तुळसाबाई खाली बसून हसल्या. "शेवगा? आठशे रुपयाला शेवगा? आमच्या सेलूला शेळ्या खातात बांधावर!"

"शेळ्यांना कधी हार्ट अटॅक आलेला बघितलास का?" तात्याराव म्हणाले. "मग आपणच करू की. सरूबाईच्या दारात एवढं झाड आहे."

बरणी नको म्हणून सांगितलेलं होतं आणि पाल्याला कोणाची हरकत नव्हती. डॉक्टरला कोणी विचारलं नाही. शेवग्याच्या पाल्याबद्दल डॉक्टरला विचारायचं असतं, हे त्या घरात कोणाच्या मनात येण्यासारखं नव्हतं.

सरूबाई जुन्या मोरवा गावातल्या. त्यांच्या अंगणातलं झाड दोन घरांच्या पत्र्यावर वाकलेलं आहे. "ने गं बाय, पाहिजे तेवढा ने," त्या म्हणाल्या. "पाला काय, गळूनच जातंय. शेंगांना मातर हात लावू नको, त्या माज्या हायत." तुळसाबाईंनी दोन पिशव्या भरून पाला आणला, धुतला, जुन्या साडीवर सावलीत चार दिवस वाळवला आणि मिक्सरमधून काढला. दोन पिशव्यांचा एक लहान डबा झाला. ते आक्रसणं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पण पालेभाजी त्यांच्या घरात वाटीने मोजली जायची आणि पावडर चमच्याने. चमचाभर हिरव्या भुकटीला कोणी पालेभाजी म्हणालं नाही, आणि पाकिटात नसल्यामुळे ती औषधही नव्हती. चोवीस ऑक्टोबरपासून रोजच्या ज्वारीच्या पिठात दोन मोठे चमचे पडू लागले. तात्याराव दोन्ही वेळा भाकरी खात.

रक्ताची तारीख पाच नोव्हेंबर होती. एक तारखेला ते दोघं सेलूला गेले, तात्यारावांचे थोरले भाऊ वारले होते, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला. बारा दिवस राहिले. पावडरचा डबा सोबत होता. परत आल्यावर तुळसाबाईंनी तपासणीचं काढलं.

"आता सहा डिसेंबर होऊ दे," तात्याराव म्हणाले. दरवर्षी ते दादरला जात, महापरिनिर्वाणदिनी, रांगेतल्या लोकांना पाणी द्यायला. "तिकडून आलो की करतो. चार वर्षांत आकडा हललाय का कधी?"

हलला नव्हता. दुसऱ्या कोणाच्या घरी तुळसाबाईंनी हे चालवून घेतलं नसतं. इथे त्यांनी विषय सोडला.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की आवाज बारीक झाला आहे. टक, टक असा कोरडा नाही, कापडात गुंडाळल्यासारखा. त्यांनी झोपलेल्या नवऱ्याच्या छातीला कान लावून पाहिला. जिना चढताना तात्यारावांना हल्ली धाप लागत होती, ती प्रवासाची दमणूक असावी असं दोघांनी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाला आणायला गेल्यावर तुळसाबाईंनी सरूबाईंना सांगितलं, "आधी कसं खणखण वाजायचं यांच्या छातीत. आता मऊ झालंय. लागू पडला तुमचा पाला."

"मंग?" सरूबाई म्हणाल्या. "आमच्या दारचा हाय तो."

तीन डिसेंबर, मंगळवार, सकाळी दहा चाळीस. तात्याराव सहा तारखेसाठी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. तुळसाबाई मोरीत होत्या. जळल्याचा वास आला म्हणून त्या बाहेर आल्या. इस्त्री शर्टावर होती, तात्याराव भिंतीला टेकून खाली बसले होते, उजवा हात मांडीवर पडलेला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. तोंडातून आवाज येत होता, शब्द येत नव्हते. शेजारच्या रिक्षाने त्यांना वीस मिनिटांत एका खासगी रुग्णालयात नेलं.

तिथे रक्ताचा आकडा आला एक पूर्णांक तीन दशांश. तरुण डॉक्टर म्हणाले, "मावशी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चुकल्यात."

"चुकल्या न्हाईत." चाळीस वर्षांत पुसट झालेली सेलूची बोली त्या दिवशी परत आली.

"एखादी राहिली असेल. सगळेच असं म्हणतात."

"सगळे म्हणत असतील. माझ्या घरात एक बी गोळी चुकली न्हाई."

"काही आयुर्वेदिक? चूर्ण, सप्लिमेंट, ताकदीचं काही?"

"न्हाई."

हा प्रश्न त्यांना दोन दिवसांत तीन डॉक्टरांनी विचारला आणि तिघांना त्यांनी तेच उत्तर दिलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. कागदांवर मात्र लिहिलं गेलं, की रुग्ण गोळ्या नियमित घेत नसावा. धम्मपालने ते वाचून दाखवलं तेव्हा तुळसाबाईंनी त्याला घरी पिटाळलं आणि सप्टेंबरपासूनची रिकामी पाकिटं मागवली. ती त्यांनी फेकलेली नसतात. काउंटरवर ती तारखेने लावून त्या उभ्या राहिल्या. एकही गोळी शिल्लक नव्हती. डॉक्टरांनी पाकिटं पाहिली, आकडा पाहिला आणि रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. आकडा तोच आला.

पाच डिसेंबरला, गुरुवारी दुपारी, तेजश्रीने घरून डबा आणला. तात्यारावांना नाकातल्या नळीतून देत होते, डबा तुळसाबाईंसाठी होता. त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून जेवत असताना रुग्णालयातली आहारतज्ज्ञ मुलगी, संजना, समोरून जाताना थांबली.

"मावशी, भाकरी हिरवी कशी काय?"

"शेवगा हाय पिठात. पाला वाळवून टाकते."

"अरे वा. रोज?"

"रोज."

"काकांच्या पण?"

तुळसाबाई हो म्हणाल्या. मग त्यांनी घास डब्यात परत ठेवला.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी वॉर्डाबाहेर उभ्यानेच समजावून सांगितलं. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं. ते या गोळीच्या नेमकं उलट काम करतं. पालेभाजीला बंदी नसते, पण तिचं प्रमाण रोजच्यासारखंच राहायला हवं, कारण गोळीचं माप त्यावर ठरवलेलं असतं. इथे पाला वाळून घट्ट झालेला, रोज दोन वेळा, चाळीस दिवस, आणि मधली तपासणी झालेली नाही. झडपेवर गुठळी जमली आणि तिचा तुकडा मेंदूत गेला.

"आवाज बारीक होतो का त्याने?" तुळसाबाईंनी विचारलं.

"कुठला आवाज?"

त्यांनी सांगितलं.

"झडपेचा आवाज दबला, की त्याच दिवशी यायचं असतं," डॉक्टर म्हणाले.

"कोणी सांगितलं न्हाई आम्हाला."

"सांगायला हवं होतं."

मग तुळसाबाई म्हणाल्या, "ते गोळ्या घेत न्हाईत म्हणून लिहिलंय, ते खोडा. दुसरं लिहा." डॉक्टरांनी खोडलं, दुसरं लिहिलं आणि सही केली.

इंजेक्शनं देऊन झडप मोकळी झाली. मेंदूचा जो भाग गेला तो परत येणार नव्हता. सोळा दिवसांनी तात्याराव घरी आले. उजवा हात छातीशी मुडपलेला, पाय ओढत चालणं, आणि बोलणं एकेका शब्दाचं. फिजिओथेरपीने पायात थोडा फरक पडला. हाताला पडला नाही.

जानेवारीत तुळसाबाई सहाही घरी गेल्या आणि जे घडलं ते सांगितलं. चहा घेतला नाही. दोन घरांनी त्यांचं काम बंद केलं. एका घरची सून म्हणाली, "मावशी, राग मानू नका, पण आता भीती वाटते." तुळसाबाईंनी त्या घराचं पान वहीतून फाडून तिच्या हातात दिलं, म्हणजे पुढे जो कोणी डबा भरेल त्याला सोपं जाईल. निवृत्त मास्तरांनी आपल्या कपाटातली एक बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि यात काय आहे ते बघा, म्हणाले. हंसाबेन म्हणाल्या, "अगले संडे सात बजे आना. लेट मत होना."

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. तात्यारावांना जे मोजके शब्द परत मिळाले, त्यांत एक 'तारीख' होता. भेटायला कोणी आलं, जयभीम झाला, की ते डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर मारत. "तारीख. मी. मी." पाच नोव्हेंबरची तपासणी आपण टाळली म्हणून हे झालं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. येणारेही मान डोलवत. विहारातले एक जण तर स्पष्टच म्हणाले, "तात्याराव, चुकलंच तुमचं. वहिनी एवढ्या जगाच्या गोळ्या बघतात आणि तुम्ही त्यांचं ऐकलं नाही." तुळसाबाई पाण्याचा पेला घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"आई, आता सांगून काय होणार आहे?" तुळसाबाईंनी भाकरीचं सांगायचं काढलं, की धम्मपालचं म्हणणं असे. "त्यांना जे वाटतं ते वाटू दे. तुझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. ते तुटलं तर?"

तेजश्री सासूच्या बाजूने बोलली नाही आणि नवऱ्याच्याही नाही. "पप्पा दिवसभर स्वतःला मारून घेतात. मी घरी असते तेव्हा मोजलंय. परवा अकरा वेळा."

तुळसाबाईंना भीती कशाची होती, हे त्यांनी तेजश्रीला एकदाच सांगितलं. नर्सिंग होममध्ये त्यांनी अशी माणसं पाहिली होती, की ज्यांचा देणाऱ्या हातावरचा विश्वास गेला होता. ती गोळी घेतात, पाणी पितात, पण घेताना हाताकडे बघतात. बेचाळीस वर्षं तात्यारावांनी त्यांच्या हातचं न बघता खाल्लं होतं. तेवढं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, एका दुपारी चार वाजता त्यांनी सांगितलं. धम्मपाल कामावर होता. तेजश्री स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं. तुळसाबाईंनी पाल्यापासून सुरुवात केली आणि डॉक्टरांनी जसं समजावलं होतं तसं, त्याच क्रमाने सांगितलं. रडल्या नाहीत.

"तारीख तुम्ही चुकवली ते खरं हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "पण तारखेमुळे झालं न्हाई. भाकरीमुळे झालं. ती मी केली. आता कपाळाला हात लावायचा न्हाई."

तात्यारावांनी विचारलं, "किती... दिवस?"

"चाळीस."

त्यांनी डावा हात छातीवर ठेवला. "आवाज?"

"ऐकला होता. बारीक झाला होता. मला वाटलं, गुण आला."

त्यांनी हात छातीवरून खाली घेतला.

त्या संध्याकाळी सात वाजता तुळसाबाई गोळी आणि पाणी घेऊन आल्या. तात्यारावांनी ओठ मिटले. तुळसाबाईंना वाटलं, गिळायला त्रास होतोय. त्यांनी पाठीला उशी लावून पुन्हा हात पुढे केला. तात्यारावांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "तेजू."

तेजश्री आली. तिच्या हातून त्यांनी तीच गोळी घेतली.

तेव्हापासून तसंच आहे. ते तुळसाबाईंवर चिडत नाहीत. त्यांच्या हातचं जेवतात, सगळ्यांसाठी एका पातेल्यात होतं ते. पाणी मागतात, अंघोळीला त्यांचाच हात धरून जातात, मालिका दोघं शेजारी बसून बघतात. फक्त गोळी घेत नाहीत. सकाळची धम्मपालच्या हातून घेतात, संध्याकाळची तेजश्रीच्या. धम्मपालने दोनदा समजावलं, एकदा ओरडला. तात्यारावांनी ऐकून घेतलं आणि ओठ मिटले. तुळसाबाईंनी मुलाला थांबवलं. "राहू दे. कोणाच्या का हातून होईना, पोटात जातेय ना?"

कपाळावर मारून घेणं मात्र थांबलं. तारीख हा शब्द मे महिन्यापासून त्यांच्या तोंडून आलेला नाही.

आता सप्टेंबर आहे. हंसाबेन यांचा डबा भरून तुळसाबाई आठच्या आधी निघतात. त्यांच्याकडे चार घरं राहिलीत, दोन रविवारी, दोन बुधवारी. घरात जेवढी पालेभाजी व्हायची तेवढीच होते, आठवड्यातून दोनदा, एक वाटी. गेल्या चार महिन्यांत तात्यारावांच्या रक्ताचा आकडा एकदाही अडीचच्या खाली गेलेला नाही. प्रयोगशाळेचा कागद तेजश्री आणते, धम्मपाल वाचतो, आणि तुळसाबाई तो फाइलला लावतात.

तेजश्रीच्या दुकानात पाळ्या बदलत्या असतात. सकाळची पाळी असेल तर अडचण नसते. उद्या, सोमवारी, तिची पाळी दुपारी दोन ते रात्री दहा आहे आणि धम्मपाल साडेआठच्या आधी घरी पोचत नाही. तुळसाबाई दिवसभर घरीच आहेत. तेजश्रीची मधली सुट्टी पावणेसात ते सव्वासात. ती ओळखीच्या रिक्षाने मोरव्याला येईल, सात वाजता गोळी देईल आणि सात वाजून पंधरा मिनिटांनी परत काउंटरवर असेल.